विहिरीला पाणी आहे का?

नोकरी मागायला आलेल्या बाईला कुमुदबाई आधी नाव विचारत नसत. पहिला प्रश्न ठरलेला, "विहिरीला पाणी आहे का?" 'आहे' असं उत्तर आलं, की शेजारी नावं लिहीत बसलेल्या माझ्याकडे बघून म्हणत, "पुढची."

शहरातल्या गारखेडा भागात दोन खोल्यांत त्यांचा धंदा चाले. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांजवळ दिवसपाळी-रातपाळीला बाया पुरवायच्या. शहर वाढत होतं, फ्लॅट उठत होते. फ्लॅटांतले आईबाप म्हातारे आणि मुलं पुण्याला. गिऱ्हाईक मुबलक, पण बाया टिकत नसत. खोलीचं भाडं परवडेना म्हणून एकेका खोलीत सहा-सहा जणी राहत, भांडत आणि निघून जात. "शिकवलेली बाई आणि तापत ठेवलेलं दूध," कुमुदबाई म्हणत, "पाठ फिरवली की गेलं."

एका चांगल्या पावसाच्या वर्षी त्यांच्या सगळ्या बाया खुरपणीला गावी पळाल्या होत्या. एक आजोबा दीड दिवस ओल्या गादीवर पडून राहिले. शेवटी साठीच्या कुमुदबाईंनीच जाऊन त्यांना पुसलं, कपडे बदलले. तेव्हापासून हा प्रश्न. कोरड्या विहिरीची बाई परत जात नाही, हा त्यांचा तर्क. तो बरोबर होता, याचाच मला राग येई. मी स्वतः विहीर आटल्याचं रडत सांगितलं, म्हणून तर टेबलाशी नावं लिहायची खुर्ची मला मिळाली होती.

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी पाचोडकडून गया आली. नवरा बैलं घेऊन चारा छावणीत. ही घराला कुलूप लावून, नोकरी लागली असं गावभर सांगून, पिशवीसकट आलेली.

"विहिरीला पाणी आहे का?"

गया ताठ झाली. "हाय की बाई. लई पाणी. पोहरा बुडतो."

परक्यासमोर आपली विहीर आटली म्हणायचं नाही, ही आमच्याकडची रीत. तिचं गाव माझ्या माहेराला लागून. त्या शिवारात चिमणीला प्यायला थेंब नव्हता, हे मला ठाऊक होतं. मी रजिस्टरात मान घातली.

"पुढची."

"बाई, कामाला मी वाघ हाय," गया म्हणाली. कुमुदबाईंनी दाराकडे बोट केलं. ती जिना उतरून गेल्यावर मला कंठ फुटला. "बाई, तिची विहीर कोरडी आहे हो."

"म्हणजे खोटं बोलली," कुमुदबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "खोटी बाई पेशंटजवळ नको."

इतकं थंड माणूस मी दुसरं पाहिलं नाही. आणि पेशंटची पाठ इतक्या हलक्या हातानं पुसणारंही नाही.

सहा वर्षांनी त्यांनाच अर्धांगवायू झाला. तोवर बाया एकेक करून कंपन्यांत गेल्या होत्या. त्यांच्याजवळ बसायला कोणी मिळतं का म्हणून मी शहरभर हिंडले. मुकुंदवाडीत एका पोळीभाजी केंद्रात गया दिसली. केंद्र तिचंच, हाताखाली तीन बाया. मी हात जोडले. दुप्पट पगार देऊ, निदान एखादी बाई तरी पाठव, म्हटलं.

तिने तव्यावरची पोळी उलटली. "सांगा तुमच्या बाईला," ती म्हणाली, "माझ्या हिरीला पाणी हाय."

कुमुदबाईंना मी ते जसंच्या तसं सांगितलं. लपवावंसं वाटलं नाही, हे कबूल करते. वाकड्या तोंडानं त्या हसल्या. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला. "बघ. माझा प्रश्न... बरोबर होता."

सतरा दिवसांनी त्या गेल्या. तेवढे दिवस त्यांना पुसायला मीच होते. माझी विहीर अजून कोरडीच होती.