भेसळीच्या रकान्यापुढची खूण

पुण्यात गाड्यांना सर्वांत जास्त इजा कधी होते, तर ज्या दिवशी त्यांची पूजा होते त्या दिवशी. खंडेनवमीला सकाळी माणसं गाडी धुतात, इथवर ठीक आहे. पण नुसतं बाहेरून चकचकीत करून त्यांचं भागत नाही. बॉनेट उघडायचं, जोरदार फवाऱ्याची नळी सरळ इंजिनावर रोखायची, मग झेंडूची माळ, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. चार दिवसांनी गाडी हिव भरल्यासारखी थरथरायला लागते आणि मालक म्हणतो, कंपनीनं फसवलं. विश्रांतवाडीत आळंदी रस्त्याला आम्रपाली ओव्हाळचं गॅरेज आहे. दसऱ्यानंतरचा तिचा पंधरवडा या भक्तांची पापं निस्तरण्यात जातो. ती स्वतः दसऱ्याला गॅरेज बंद ठेवते आणि पांढरी साडी नेसून विहारात जाते. तिथे कुणी इंजिनाला अंघोळ घालत नाही, हे ती गिऱ्हाइकांना मुद्दाम ऐकवते.

तिचे वडील बाबुराव खडकीच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. तयार माल मापात आहे की नाही, हे बघण्यात त्यांची तीस वर्षं गेली. घरीही तोच खाक्या. दूध नासलं तर आई आधी दूधवाल्याला नाव ठेवायची, आणि बाबुराव म्हणायचे, आधी पातेलं हुंगून बघ. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, एवढा एकच वारसा त्यांनी लेकीला दिला. तो बंगल्यापेक्षा महाग पडतो, हे तिला पुढे कळलं.

आयटीआयमधून मोटार मेकॅनिक झाल्यावर तिने नऊ वर्षं एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी केली. काचेची इमारत, एसी, गिऱ्हाइकाला कॉफी. तिथल्या तपासणीच्या छापील कागदावर शेवटी एक रकाना होता, ‘इंधनात भेसळ’. वॉरंटीतली गाडी धक्के देत आली, की वरचे साहेब खुणेनं त्या रकान्याकडे बोट दाखवायचे. भेसळ निघाली की वॉरंटी उडाली, कंपनी मोकळी. पेट्रोलचा थेंबसुद्धा कुणी बाहेर काढून बघायचं नाही. आम्रपालीने अशा अकरा खुणा केल्या. बाराव्या वेळी तिने पेन खाली ठेवलं आणि महिन्याभरात नोकरीही सोडली. पण त्या अकरा तिला आजही टोचतात. गाडीत पेट्रोल भरणारा बहुतेक वेळा ड्रायव्हर असतो. आपल्या खुणेखाली कोण चिरडलं गेलं, हे तिने तेव्हा एकदाही विचारलं नव्हतं.

ते तिला यंदा दसऱ्यानंतर पंधरा दिवसांनी कळलं.

सकाळी साडेदहाला एक पांढरी गाडी धक्के खात तिच्या दारात आली. स्टिअरिंगवर खुद्द मालक गोपाळकृष्णराव, पाटबंधारे खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, जवळच्याच सोसायटीत राहणारे. गाडी तिच्या ओळखीची होती. नऊ वर्षं या घरचे ड्रायव्हर असलेले नागोराव ती घेऊन हवा भरायला आणि किरकोळ कामांना तिच्याकडेच यायचे. लोहगावचा छप्पन्न वर्षांचा मोजकं बोलणारा माणूस, गाडी लावताना हँडब्रेकही हलक्या हाताने ओढणारा. म्हणून तिने साहजिकच विचारलं, नागोराव कुठे आहेत?

“काढून टाकलं. चोर निघाला,” गोपाळकृष्णराव म्हणाले.

त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. दसऱ्यानंतर गाडी थरथरायला लागली, म्हणून त्यांनी ती सर्व्हिस सेंटरला नेली होती. तिथून चार कॉइल, पेट्रोल फवारणारे चार इंजेक्टर, टाकीची सफाई अशी लांबलचक यादी आली होती आणि खाली भेसळीच्या रकान्यापुढे खूण. गाडी वाढीव वॉरंटीत होती, ती वॉरंटी त्या खुणेने संपली. मग साहेबांनी हिशेब मांडला. पेट्रोल नागोराव भरतो, म्हणजे तोच पेट्रोल काढून विकतो आणि वर रॉकेल ओततो. दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये वॉचमन आणि चार ड्रायव्हरांसमोर त्यांनी त्याला चोर म्हटलं आणि किल्ली काढून घेतली. त्या चौघांनी ते आणखी चाळिसांना सांगितलं. आता धानोरीपासून येरवड्यापर्यंत नागोरावांना कुणी स्टिअरिंगला हात लावू देत नव्हतं.

आम्रपालीकडे ते दुरुस्तीसाठी आलेच नव्हते. त्यांना पोलिसांत तक्रार द्यायची होती आणि कुणी ओळखीच्या वकिलाने सांगितलं होतं, की एकापेक्षा दोन कागद बरे. तेव्हा तिने आपल्या गॅरेजच्या कागदावर भेसळ असल्याचं तेवढं लिहून सही करावी. तपासणीचे काय ते पैसे ते देणार होतेच.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका माणसाची अब्रू धुळीला मिळाली होती, आता त्याला कोठडीत घालायचं होतं, आणि त्यासाठी हा गृहस्थ दूधपिशवी मागावी तशी सही मागत होता. शिवाय कागदावरची ती खूण, तो रकाना, ते कोपऱ्यातलं तिच्या जुन्या सेंटरचं बोधचिन्ह. सगळं तिच्या हातचं असावं इतकं ओळखीचं.

“सही देते,” ती म्हणाली. “पण तपासल्यावर. आणि तुम्ही इथेच उभं राहायचं.”

खुर्ची मागितली, तर तिने दिली नाही. हा तिचा नेम आहे. पार्ट बदलायचा म्हटलं, की मालकाला शेजारी उभं करायचं आणि डोळ्यांनी दाखवायचं. त्यामुळे गिऱ्हाइकं कमी येतात, पण आलेली परत भांडायला येत नाहीत.

तिने स्कॅनर लावला. तो सांगत होता, तिसऱ्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नाही. एक, दोन आणि चार व्यवस्थित चालले होते. तिने मान वर केली आणि विचारलं, चारही सिलिंडर एकाच टाकीतलं पेट्रोल पितात, मग रॉकेल तिसऱ्यालाच कसं बाधलं? गोपाळकृष्णराव म्हणाले, तो तांत्रिक भाग आहे. ती म्हणाली, हो, म्हणूनच तंत्र येणाऱ्याला विचारायचं असतं.

मग तिने इंजिनावरचं प्लास्टिकचं झाकण काढलं. प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर बोटभर लांबीची एक कॉइल बसवलेली असते. बॅटरीची साधी वीज ती हजारो व्होल्टची करून खालच्या प्लगला देते आणि ठिणगी पडते. कॉइल मेली की ठिणगी नाही, आणि सिलिंडर नुसता कच्चं पेट्रोल बाहेर टाकत राहतो. हे सगळं तिने त्यांना सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं, आणि सांगताना तिला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही. तिसरी कॉइल तिने पहिल्या जागी बसवली, पहिलीची तिसऱ्या जागी. गाडी पुन्हा सुरू केली. थरथर तीच, पण स्कॅनर आता पहिल्या सिलिंडरचं नाव घेत होता. दोष कॉइलबरोबर चालत गेला होता.

“म्हणजे?” त्यांनी विचारलं.

“म्हणजे इंजेक्टर चांगला, प्लग चांगला, पेट्रोल चांगलं. कॉइल खराब. सेंटरवाल्यांना हे करायला दहा मिनिटं लागली असती. खूण करायला एक सेकंद लागला.”

तेवढ्यावर ती थांबली नाही. पेट्रोलवर आरोप आहे, तर पेट्रोलचीही साक्ष काढायला हवी. नागोरावांना काढलं त्या दिवसापासून गाडी पार्किंगमध्येच होती, टाकीत पेट्रोल तेच. तिने नळीतून थोडं काढून गाळणीच्या पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकला. रॉकेल असतं तर तेलकट डाग मागे राहिला असता. दोन मिनिटांत थेंब उडून गेला आणि कागद कोरा राहिला. तो कोरा कागद तिने त्यांच्या हातात दिला.

आता प्रश्न उरला, चार वर्षांची कॉइल मेली कशी. तिने टॉर्च लावून तिसऱ्या प्लगच्या खड्ड्यात उजेड पाडला आणि त्यांना वाकायला लावलं. निवृत्त अधिकाऱ्याने पोट आवरत बॉनेटखाली मान घातली. खड्ड्याच्या तळाशी गंजाची तांबूस कड होती, थोडं पाणी अजूनही साचलेलं होतं. कॉइलच्या रबरी टोकावर हिरवट थर, आणि ठिणगी बाहेरच्या बाहेर निसटल्याची पांढरी रेघ.

“इंजिन कुणी धुतलं?” तिने विचारलं.

गोपाळकृष्णराव सरळ उभे राहिले. तिने पुन्हा विचारलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. खंडेनवमीला सोसायटीत फवारा भाड्याने आणला होता. नागोराव म्हणाले होते, साहेब, इंजिनावर पाणी नको, ओल्या फडक्याने पुसतो. त्यावर साहेबांनी त्यांना देवाधर्माचं शिकवलं होतं, मळक्या इंजिनाची पूजा करायची काय म्हणून. आणि नळी त्यांच्या हातातून घेऊन स्वतः मारली होती, चांगली पाच मिनिटं. वड्याचं तेल वांग्यावर काढणं म्हणतात ते हेच. पाणी साहेबांनी ओतलं, खूण सेंटरने केली आणि चोर ठरले ते एकटेच शहाणपणाचं बोलणारे नागोराव.

आम्रपालीने खड्डा हवेने कोरडा केला, नवी कॉइल बसवली, जुन्या तिन्ही जागच्या जागी लावल्या. इंजिन शांत चालायला लागलं. मग ती टेबलाशी गेली आणि कबूल केल्याप्रमाणे गॅरेजच्या कागदावर लिहिलं: तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पाण्याने खराब, इंजिन मालकांनी धुतल्यामुळे. पेट्रोल तपासले, शुद्ध. ड्रायव्हरचा दोष नाही. खाली सही, शिक्का, तारीख. दोन प्रती काढल्या. साहेबांनी आपली प्रत वाचून खिशात घातली, आणि त्यांचा चेहरा सभा संपवणाऱ्या माणसासारखा झाला.

“ठीक आहे. त्याला फोन करा,” ते म्हणाले. “गाडी घेऊन जायला ये म्हणावं. मला या ट्रॅफिकमध्ये चालवायचा कंटाळा येतो.”

फोन तिने केला, पण तिच्या मनात वेगळं होतं. नागोराव पाऊण तासाने बसने आले. दाढी वाढलेली, शर्ट मात्र इस्त्रीचा. तिने आधी त्यांना कागदाची दुसरी प्रत दिली. त्यांनी ती उभ्या उभ्या वाचली, ओठ हलवत, दोनदा. मग घडी करून खिशात ठेवली. तेवढ्यात गोपाळकृष्णराव पुढे झाले आणि मोठ्या मनाने म्हणाले, चल, झालं गेलं विसरून जाऊ, गाडी काढ.

विसरून जाऊ म्हणे. जणू नागोरावांनीच काही केलं होतं आणि हे माफी वाटत होते. किल्ली टेबलावर होती. नागोरावांचा हात सवयीने तिकडे गेला, त्याआधी आम्रपालीने ती उचलली.

“आधी सांगा त्यांना,” ती साहेबांना म्हणाली.

“काय सांगायचं? कागदावर लिहिलंय की तुम्ही.” त्यांनी घड्याळ बघितलं. “बरं. पेट्रोल चांगलं होतं, नागोराव.”

नागोराव नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाले, “साहेब, पेट्रोल चांगलं व्हतं ह्ये मला आधीपासनं ठावं हाय. मी कसा हाय, त्ये सांगा.”

दोन वाक्यांचं काम होतं. जे पाच जणांसमोर चोर म्हणताना चाचरले नाहीत, ते आता इंजिनाकडे बघत राहिले. अरे, मी काय तुला, एवढं म्हणून थांबले, नंतर त्यांनी चष्मा पुसला. नागोरावांनी वाट बघितली, अगदी शिस्तीत, सिग्नलला उभं राहावं तसं. मग ताई, येतो, असं म्हणून ते बाहेर पडले आणि रस्ता ओलांडून समोरच्या स्टॉपवर जाऊन उभे राहिले.

गोपाळकृष्णराव हळहळत्या आवाजात म्हणाले, “माणूस प्रामाणिक होता हो. नऊ वर्षांत दहा रुपयांचा घोळ नाही.”

“हे मला कशाला सांगता?” आम्रपाली म्हणाली. “ते समोर उभे आहेत.”

त्यांनी बाहेर पाहिलं. बस अजून आली नव्हती. मधे रस्ता होता, पंधरा पावलांचा. आम्रपालीने किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. ते क्षणभर उंबऱ्याशी थांबले, मग गाडीत बसले, आणि चारही सिलिंडर बिनतक्रार चालणारी गाडी डावीकडे वळवून घरी निघून गेले.