दुपारनंतर जाणारा आवाज

असुओकोसो गावच्या राजाला, नानांना, चारचौघांत थेट बोलताना गावाने कधी ऐकलं नाही. राजाने तसं बोलायचंच नसतं. नाना हळू आवाजात दोन वाक्यं बोलत, आणि शेजारी उभा असलेला ओच्यामे बादू ती उचलून, त्यांना म्हणींची फोडणी देऊन अंगणाच्या पार टोकापर्यंत पोचवत असे. ओच्यामे म्हणजे राजाची जीभ. त्या पदाची सोन्याच्या मुठीची काठी बादूच्या हातात बावीस वर्षं होती.

बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. बहिणीची मुलगी पोकुआ कुमासी शहरात कापडाचं दुकान चालवायची आणि रविवारी फोन करायची. पण बादूला एकटं कधी वाटलं नाही. सकाळपासून दारात माणसं असायची: कुणाला नानांपुढे गाऱ्हाणं मांडायचं असे, कुणाला मुलाच्या लग्नाची बोलणी करायला शब्दांचा माणूस हवा असे.

पहिल्यांदा घडलं ते एका शनिवारी, अंत्यविधीच्या बैठकीत. दुपार कलली होती. मृताच्या घराण्याचा गौरव करता करता बादूचे शब्द नाकातून येऊ लागले. ‘म’ आणि ‘ब’ एकमेकांत मिसळले. खोकल्याचं निमित्त करून त्याने भाषण आवरतं घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज खणखणीत. सर्दी असेल, म्हणून त्याने सोडून दिलं.

मग डावी पापणी खाली येऊ लागली. जेवताना फुफूचा, कुटलेल्या कंदाच्या मऊ गोळ्याचा, घास घशात अडायचा, सूप नाकातून बाहेर यायचं. त्याने दुसऱ्यांच्या घरी जेवणं बंद केलं.

आणि मग ती पाहुण्यांची भेट. पलीकडच्या गावाची माणसं ओढ्याच्या हद्दीचं भांडण मिटवायला मद्याची बाटली घेऊन आली होती. बोलणी लांबली, चार वाजून गेले. शेवटी समेट झाला आणि बादू तोंडभरून हसला. निदान त्याला वाटलं, आपण हसलो. ओठांचे कोपरे हललेच नाहीत, फक्त वरचा ओठ उचलला गेला आणि दात दिसले.

“अरे, हा आमच्यावर दात विचकतोय!” पाहुण्यांतला म्हातारा उठला. “समेटाला बोलावता आणि कुत्र्यासारखं गुरकावता?”

बादू खुलासा करायला गेला, तर तोंडातून नुसतं गेंगाणं बाहेर पडलं. पाहुणे बाटली उचलून चालते झाले. त्यांची समजूत काढायला नानांना मेंढा पाठवावा लागला.

“डोळे बघा ना त्याचे,” आन्त्वी हळूच म्हणाला. हा दुय्यम ओच्यामे, वयाने बादूहून पंधरा वर्षांनी लहान. “दुपारपासूनच झोकलेली असणार. आपल्यालाच दिसत नव्हतं इतके दिवस.”

बादू आयुष्यात मद्याला शिवला होता तो पूर्वजांना अर्पण करण्यापुरता. पण महिन्याभरात काठी आन्त्वीच्या हातात गेली. नानांनी बादूला “जरा विश्रांती घे” म्हटलं, तेही आन्त्वीच्याच तोंडून.

दारात येणारी माणसं थांबली. रस्त्यात भेटलेली माणसं “बरं आहे ना?” विचारून उत्तराआधीच पुढे जात. एका पाद्र्याने सांगितलं, तुझ्या जिभेला कुणीतरी गाठ मारली आहे. बादूने तीन दिवस उपास केला आणि आणखी खंगला. गावच्या दवाखान्यात तो गेला तो सकाळी आठ वाजता. त्या वेळी पापणी वर होती, आवाज ठणठणीत होता. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि म्हणाले, “ओच्यामे, तुम्ही आमच्याहून धडधाकट आहात. मनाला लावून घेऊ नका.”

सकाळी आवाज असायचा. म्हणून तो उजाडताच व्हरांड्यात उभा राहायचा आणि बोलायचा. नानांच्या पूर्वजांची नावं, लग्नाचे आशीर्वाद, समेटाची भाषणं, सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत. समोर अंगणात दोन कोंबड्या असायच्या. ऊन चढलं की तो आत जाऊन खुर्चीत बसे. मानही सावरत नसे, हनुवटीखाली तळहात ठेवावा लागे. पोकुआचा फोन संध्याकाळी यायचा. तो उचलायचा नाही.

तिसऱ्या रविवारी पोकुआ स्वतःच आली. दारातच तिने मामाकडे पाहिलं आणि पिशवी खाली टाकली.

“मामा, हे काय करून घेतलंत? आणि मला कळवायचं नाही?”

“कोणत्या तोंडाने कळवू?” तो म्हणाला. तिला ते दोनदा विचारावं लागलं, तेव्हा कळलं.

ती त्याला कुमासीच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेली. सकाळचा नंबर होता, पण वाटेत बस बिघडली आणि रांगही संपेना. डॉक्टर द्झिफाच्या खोलीत शिरायला चार वाजले. पोकुआ चिडचिड करत होती. पण त्या उशिराने त्याचं भलं केलं.

“काका, छताकडे बघा आणि एकपासून मोजा,” डॉक्टर म्हणाली.

तीसपर्यंत ठीक होतं. पस्तीसला आवाज नाकात शिरला, चाळीसला पापणी मिटली. डॉक्टर खुर्ची ओढून जवळ आली. तिने नर्सला पिण्याच्या पाण्याची गोठलेली पिशवी आणायला सांगितली आणि ती बादूच्या मिटल्या डोळ्यावर दोन मिनिटं धरली. पिशवी काढली, तर पापणी वर!

“बर्फाने जादू केली?” पोकुआ म्हणाली.

“जादू नाही. थंडाव्याने घटकाभर बरं वाटतं, एवढंच. काका, नस निरोप पाठवते, स्नायूच्या दारात तो घेतला जातो. तुमच्या रक्तात काही अँटीबॉडी तयार झाल्यात. त्या रोगाशी लढायच्या, त्याऐवजी तुमच्याच दारात अडून बसल्यात. पहिले काही निरोप पोचतात, मग पोचेनासे होतात. म्हणून सकाळी बरं आणि दुपारनंतर वाईट.”

बादूने हनुवटीखाली तळहात ठेवला. मग तुटक तुटक म्हणाला, “म्हणजे... नाना बोलतायत... पण ओच्यामेच्या तोंडावर... घरच्याच माणसाने हात ठेवलाय.”

डॉक्टर हसली. “माझ्या विद्यार्थ्यांना हे असं सांगता आलं असतं तर! पण खात्री करायला रक्त जोहान्सबर्गला पाठवावं लागेल. ही तपासणी इथे होत नाही.”

उत्तराला पाच आठवडे लागले. तोवर तिने गोळ्या सुरू केल्या. पहिली गोळी घेतल्यावर पाऊण तासाने बादूने भर दुपारी स्वतःचं नाव मोठ्याने उच्चारलं आणि तो रडला. गोळीचा जोर चार तास. पोटात मुरडा येई, तो त्याने मुकाट सोसला.

कागद आला. अँटीबॉडीचा जो आकडा अर्ध्याच्या आत असायला हवा होता, तो चौदा होता. बादू कागद घेऊन नानांच्या वाड्यावर गेला. रीत अशी, की नानांना काही सांगायचं तर ते ओच्यामेमार्फतच. त्यामुळे कागद आन्त्वीच्या हातात द्यावा लागला, आणि वडीलधाऱ्यांसमोर आन्त्वीनेच वाचून दाखवला: या माणसाच्या रक्तात त्याच्याच स्नायूंविरुद्ध अँटीबॉडी आहेत; हा आजार आहे; चेहरा, पापणी, आवाज यांवर त्याचा ताबा राहत नाही.

“आणि मद्य?” एका म्हाताऱ्याने विचारलं.

“मद्याचं... यात काही नाही,” आन्त्वी म्हणाला. त्याने बादूकडे पाहिलं नाही.

नानांनी आन्त्वीला जवळ बोलावलं. मग हळू बोलले, आणि आन्त्वीने ते मोठ्याने सांगितलं: “आम्ही चुकलो. बादूने मागितली, तर काठी त्याची आहे.”

हे वाक्य उच्चारताना आन्त्वीचा आवाज जरा कापला.

बादू उभा राहिला. गोळी घेऊन दीड तास झाला होता, शब्द स्वच्छ होते. “आन्त्वी, नानांना सांग, राजाच्या जिभेने घड्याळ पाहून बोलायचं नसतं. काठी जिथे आहे तिथे राहू दे. मी दारुडा नाही, एवढं गावाला कळलं, मला पुरे आहे.”

कुणीतरी टाळी वाजवायला गेलं आणि थांबलं.

लोक पुन्हा रस्त्यात थांबू लागले, पण आता त्याच्याशी सावकाश आणि मोठ्याने बोलत, बहिऱ्याशी बोलावं तसं. गाऱ्हाणी घेऊन आन्त्वीकडेच जात. बादूने कुणाला दोष दिला नाही. पायवाट एकदा वळली की वळली.

पुढल्या महिन्यातल्या अंत्यविधीत तो मागच्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला होता. बोलता बोलता आन्त्वी अडखळला. गेलेल्या म्हातारीच्या आईचं कूळ त्याला आठवेना. सगळं अंगण शांत. आन्त्वीची नजर रांगा ओलांडून मागे आली.

“असेन्ये,” बादू म्हणाला. फार मोठ्याने नाही.

आन्त्वीने ते उचललं, त्याला दोन म्हणी जोडल्या आणि अंगणाच्या टोकापर्यंत पोचवलं. माणसांनी माना डोलावल्या.

बादूने खिशातून घड्याळ काढून पाहिलं. पावणेचार झाले होते आणि पुढची गोळी घरी होती. शेजारच्याचे पाय चुकवत तो उठला आणि घराकडे निघाला.