विहिरीचा सगळ्यात मोठा हिस्सेदार

हळदीचे कंद भरण्याच्या दिवसांत आमच्या विहिरीवर पाळी कुणाची, हे सांगणारा माणूस नांदेडला लेकीकडे राहायला गेला. हा माणूस म्हणजे माझे थोरले चुलते. कुरुंद्याच्या शिवारातल्या त्या एका सामाईक विहिरीवर भावकीतली सगळी शेतं भिजतात, आणि कोणत्या वारी कुणी पाणी धरायचं हे फक्त त्यांच्या डोक्यात होतं. नांदेडहून ते फोनवर बोलत. पण जो विचारील त्याला "तुझीच हाये की" असं सांगू लागले. एका सोमवारी तिघे जण मोटरच्या एकाच स्टार्टरपाशी आले. तिघांनाही चुलत्यांनी शब्द दिलेला होता.

तेव्हा हे काम माझ्याकडे आलं. मी जिल्ह्यातल्या एका दैनिकाच्या डेस्कवर बातम्या तपासण्याचं काम करून गावी परतलो आहे, आणि लॅपटॉपवर स्वतःपुरती एक विकी ठेवतो: घर, शेत, गाव यांतल्या प्रत्येक गोष्टीचं एक पान आणि पानं एकमेकांना जोडलेली. विहिरीच्या पानावर मी माहिती जेसन पद्धतीनं भरली. या पद्धतीत डब्यात डबा ठेवल्यासारखी मांडणी असते. विहिरीच्या डब्यात थोरला आणि धाकटा हिस्सा, हिश्शात घरं, घरात पाळ्या, आणि प्रत्येक पाळीत वार, वेळ आणि हक्कदाराचं नाव. आमच्या वाटण्या अशाच एकीच्या पोटात एक झालेल्या असल्यामुळे भरायला अडचण आली नाही.

नावांपाशी मात्र थांबावं लागलं. डेस्कवरचा नियम होता, खात्री न झालेलं नाव बातमीत जात नाही. गुरुवारची पाळी एका चुलतभावाची. तो मागच्या वर्षी वारला, आणि सातबाऱ्यावर त्याच्या बायकोचं नाव लावण्याचा अर्ज तलाठ्याकडे पडून होता. मंगळवारची सकाळ मारुतीच्या देवळाला दिलेल्या तुकड्याची. मारुतीचं नाव घालायला हरकत नव्हती, पण त्याच्याकडून खात्री करून घेण्याची सोय नव्हती. रविवारची पाळी पुण्याला गेलेल्या भावाची. त्याचं शेत पडीक आहे आणि तो फोन उचलत नाही. या तिन्ही जागा मी कोऱ्या ठेवल्या.

मग सगळे डबे उघडून पाळ्या एकाखाली एक मांडायच्या, हक्कदारानुसार गट करायचे आणि ज्याचा वेळ जास्त त्याला वर ठेवायचं, अशी सूचना विकीला दिली. यादी लगेच आली. तिन्ही कोऱ्या पाळ्या, कोऱ्या असल्यामुळेच, एका गटात पडल्या होत्या आणि तो गट सगळ्यांत वर होता. नावाच्या जागी विकीनं एक आडवी रेघ ओढली होती.

ही यादी कच्ची आहे, असं सांगूनच मी ती भावकीत दिली होती. थोरल्या चुलतभावानं ती वसमतहून लॅमिनेट करून आणली आणि स्टार्टरच्या पेटीवर चिकटवली.

"हा वरचा कोन?" त्याच्या धाकट्या भावानं विचारलं.

"रेघ हाये."

"ते दिसून राहिलं मला. पर हाये कोन? आपल्या सगळ्यायपेक्षा जास्त पानी त्याचंच की."

"असंल कोनी. यादी बराबर हाये. बुधवार तुझाच हाये ना यात?"

बुधवार त्याचाच होता. त्यामुळे यादी खरी आहे, हे दोघांनाही मान्य झालं.

गुरुवारी वहिनी, म्हणजे वारलेल्या भावाची बायको, नेहमीसारखी मोटर लावायला गेली तेव्हा हे दोघे भाऊ पेटीपाशी बसलेले होते. एरवी पाव तासाच्या पाण्यावरून ते महिनामहिना अबोला धरतात. आज रेघेची पाळी आहे, असं त्यांनी तिला सांगितलं. ती आपणही घेत नाही, म्हणून कुणावर अन्याय नाही, असंही सांगितलं. वीज होती. विहिरीत पाणी होतं. मोटर बंद राहिली. दुपारी दोघांनी तिथंच भाकरीचं फडकं सोडलं आणि संध्याकाळपर्यंत राखण केली.

वहिनीच्या हळदीची पानं सुरळीसारखी वळू लागली होती. आणखी काही दिवस पाणी मिळालं नसतं तर कंद भरले नसते, आणि तिच्याकडे दुसरं पीक नव्हतं. ती माझ्याकडे आली.

"भाऊजी, गुरुवार माझा हाये हे तुमाला ठावं न्हाई व्हय?"

"ठावं हाये, वैनी. पर कागद न्हाई. फेरफार झाला की नाव घालतो."

"तवर हळदीला काय सांगू? दम धर म्हनू?"



त्या आठवड्यात रेघेचं गावातलं वजन वाढलं. धाकटा भाऊ अदलाबदलीचा प्रस्ताव घेऊन माझ्याकडे आला. त्याचा बुधवार रेघेनं घ्यावा आणि मंगळवार त्याला द्यावा.

"विचारू कोनाला?" मी म्हणालो.

"तूच आनलास ना त्याला."

थोरल्याचं म्हणणं वेगळं होतं. सगळ्यात मोठा हिस्सेदार असून विहिरीचा गाळ काढायला त्याचं एकही माणूस येत नाही, ही त्याची तक्रार होती.

पुढच्या गुरुवारी वहिनी खांद्यावर फावडं घेऊन विहिरीवर गेली. मलाही तिनं बोलावून नेलं. दोघे भाऊ बसलेलेच होते.

"आज कोनाची पाळी?" तिनं विचारलं.

"रेघेची."

"त्याला यायला तकलीफ हाये. त्याच्या वतीनं मी पानी धरते."

"त्यानं सांगितलं व्हय तसं?" थोरला म्हणाला.

"तुमाला न्हाई म्हनला का तो? म्हनला असंल तर जाते माघारी."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. तो मलाही काही म्हणालेला नव्हता.

"अन् उद्या त्यानं हरकत घेतली तर?"

"तर मी बघते त्याच्याकडं. तुमचं पानी तर घेत न्हाई ना मी?"

थोरल्यानं यादी पुन्हा वरून खालपर्यंत वाचली. "पर गाळाला त्याचं मानूस तू द्यायचं."

"देते."

मोटर सुरू झाली. रेघेकडे एकटा गुरुवारच नव्हता. वहिनीनं रविवारी आणि मंगळवारी सकाळीही पाणी धरलं, त्याच्याच वतीनं. गाळाचं माणूस कबूल केलं आहे म्हटल्यावर बाकीच्या पाळ्यांना वेगळं काय विचारायचं, असं थोरल्याचं मत पडलं. हळदीची वळलेली पानं पुन्हा उघडली.

पुढे फेरफार मंजूर झाला. वहिनी सातबाऱ्याची नक्कल घेऊन आली. तिचं नाव त्यावर होतं आणि बरोबर होतं. मी विकीतलं विहिरीचं पान उघडलं.

"नाव घातलं की काय व्हईल, भाऊजी?"

"गुरुवार तुमच्या नावावर येईल."

"अन् मंगळवार? आइतवार?"

"ते रेघेकडंच राहतील."

तिनं थोडा विचार केला आणि नक्कल माझ्या हातातून परत घेतली. "मंग नका घालू. हळद निघूस्तोवर ऱ्हाऊ द्या तसंच."

खात्री न झालेलं नाव जात नाही, या नियमाचा आता उपयोग नव्हता. खात्री समोर होती. पण डेस्कवर आणखी एक नियम पाळला जातो. ज्याचं नाव, त्यानंच ते देऊ नका म्हटलं, तर देत नाहीत. मी जागा कोरी ठेवली आणि पानाच्या तळाशी टीप लिहिली: हक्कदाराच्या विनंतीवरून नाव दिलेलं नाही.

मग यादी पुन्हा काढली. रेघ वरच होती.