उजवा दिवा

आमच्या गावच्या भवानी पेठेतले दिवेमास्तर गाडीचा रंग कधी बघत नसत. कोणी कितीही चकाचक जुनी मोटार आणली तरी ते तिच्यासमोर उकिडवे बसत, हेडलाइटची काच सदऱ्याच्या टोकाने पुसत आणि तिच्यावर तळहात ठेवून डोळे मिटत. काचेतल्या उभ्या रेघा, तिचा फुगवटा, साच्यात उमटलेली अक्षरं बोटांनी चाचपली की दिवा गाडीबरोबर आलेला की मागाहून बसवलेला, हे ते सांगत. घर विणकरांचं, घरात बोलणं तेलुगू. मास्तर मात्र माग सोडून मोटारींच्या दिव्यांत रमले.

एकदा एका डॉक्टरांनी हौसेने परदेशातून मागवलेली जोडी दाखवायला आणली. मास्तरांनी रेघांवरून बोट फिरवलं. "काच जुनी हाय, खरी हाय, पण हितली न्हाय," ते म्हणाले. "जितं गाड्या उजव्या बाजूनं चालतात, तितली हाय. हिचा उजेड समोरच्याच्या डोळ्यात जाईल की." डॉक्टर हिरमुसले. मास्तरांनी त्यांना चहा पाजला, पण शब्द बदलला नाही.

माझे वडील, अण्णा, गेल्यावर त्यांची मोटार पुण्याच्या एका हौशी संग्राहकाने मागितली. दोन्ही दिवे मूळचे आहेत एवढं मास्तरांनी सांगावं, ही त्यांची अट. मी निर्धास्त होते. गाडीला कधी ओरखडाही आला नाही, असं अण्णा जन्मभर सांगत आले होते. मास्तर उजव्या दिव्यापाशी बराच वेळ बसले.

"डावा मूळचा. उजवा मी बसवलाय, बाई. लई वर्षं झाली."

फुटला कसा, असं विचारलं तर आईला विचारा म्हणाले. मी गळ घातली, दोन्ही मूळचेच म्हणून सांगून टाका. ते रागावले नाहीत. "तसं मी सांगत न्हाय. त्यांना गाडी आवडली असंल तर ह्या दिव्यासकट घेतील."

त्यांनी घेतली नाही. मी घुश्शातच घरी आले आणि आईला विचारलं. लाटणं बाजूला ठेवून तिने सांगितलं. अण्णा तिला मोहोळच्या रस्त्यावर गाडी शिकवत होते आणि तिने ती मैलाच्या दगडावर घातली होती. घरातले हसतील, तिला पुन्हा चालवू देणार नाहीत, म्हणून अण्णांनी त्याच दिवशी मास्तरांकडून दिवा बसवून घेतला आणि कुणाला सांगू नका म्हणून विनवलं. आईने मात्र धसका घेतला. पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. एवढ्या वर्षांनी, माझ्यापाशीसुद्धा, मास्तरांनी तिचं नाव घेतलं नव्हतं. माझा राग तिथेच ओसरला.

यंदाच्या उन्हाळ्यात मास्तर गेले. आई हट्टाने माझ्याबरोबर त्यांच्या घरी आली. खोलीत शेजारच्या बायका बसल्या होत्या. तुमची ह्यांची ओळख कशी, असं मास्तरांच्या पत्नीने विचारलं. मला वाटलं, आई अण्णांचं नाव सांगेल.

तिने पदर सावरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मी गाडी ठोकली होती. दिवा यांनी बसवून दिला."