मायेची फुंकर

मुलांनो, शेजारच्या सुमनताई नातीला मऊ भात भरवताना प्रत्येक घासावर फुंकर घालत होत्या. मध्येच शिंकल्या, म्हणून मी हटकलं.

"अहो, नुसतं नाक गळतंय. ताप कुठाय मला?" त्या हसल्या.

त्याच आठवड्यात ती चिमुरडी इस्पितळात ऑक्सिजनवर होती. डॉक्टर म्हणाले, "आजीची सर्दी साधी होती म्हणून विषाणू कमी बाहेर पडले, असं नसतं." मी हादरले. भाजलेल्या बोटावर, गरम घासावर आपण मायेनं घालतो, त्या फुंकरीतूनच विषाणू नातीपर्यंत पोचला होता! आपण ताप पाहून माणसाला आजारी ठरवतो. विषाणू ताप पाहत बसत नाही.

"आजी, मास्क लावून जवळ बसा," नर्स म्हणाली.

सुमनताई काचेबाहेरच उभ्या राहिल्या, तोंडावर पदर दाबून, श्वास रोखून.