नवव्या प्रश्नाला हो

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मी घरोघरी तपासणीच्या कामावर होते. ताप बघायचा, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, लिहून घ्यायचं. मीच रोग वाटत फिरतेय असं समजून लोक अंगावर यायचे. मलाही त्यांचा वीट आला होता. त्यात एक नवा कागद हातात आला, मनाच्या तब्येतीचे नऊ प्रश्न. झोप लागते का, भूक लागते का, असं करत शेवटचा, जगूच नये असं वाटतं का. बहुतेक घरांत मी पहिला प्रश्न विचारायचे आणि उरलेल्या आठांपुढे स्वतःच 'नाही' लिहून मोकळी व्हायचे.

जेसल पार्क भागातल्या एका बिल्डिंगमध्ये सेक्रेटरीने मला खालीच अडवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईचा नवरा अकरा दिवसांपूर्वी कोरोनाने गेला होता, तीही पॉझिटिव्ह होती. तिच्याकडे कुणी जाऊ नये म्हणून सोसायटीवाल्यांनी जिन्याला दोरी बांधली होती. "ऊपर मत जाओ मॅडम, सब ठीक है, लिख दो," तो म्हणाला. त्या हुकमी सुराने माझं डोकं फिरलं. तिच्या काळजीने नाही, त्याच्या रागाने मी दोरी ओलांडली.

दाराशी कचऱ्याच्या पिशव्या सडत होत्या. बाईने आतलं दार उघडलं, जाळीचं नाही. चाळिशीची असेल. मी विचारायला लागले. झोपेचं विचारल्यावर म्हणाली, तुला लागली असती? भुकेचं विचारल्यावर म्हणाली, नवऱ्याचं तोंड बघू दिलं नाहीत, आता माझी भूक विचारताय. मी मान खाली घालून खुणा करत राहिले. नववा प्रश्न घाईघाईने वाचला.

"हो," ती म्हणाली. "रोज."

तोवर मला कुणीच हो म्हटलं नव्हतं. पुढे काय करायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या सुपरवायझर बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, हेल्पलाइनचा नंबर दे आणि पुढचं घर घे. मी तिथूनच नंबर लावला. तीनदा एंगेज. ती जाळीतून बघत होती.

"काही करता येत नाही, तर विचारलंस कशाला?"

मी पायरीवर बसले. तुमचं जवळचं कोण आहे, विचारलं. तिने घोडबंदरच्या बहिणीचा नंबर दिला. बहीण फोनवर रडायलाच लागली. ती दोनदा आली होती, दोन्ही वेळा तिला गेटवरून हाकललं होतं. तिला स्वतःला कोरोना होऊन गेला होता, तिला कसली भीती नव्हती.

तासाभरात ती रिक्षाने आली. सेक्रेटरी पुन्हा आडवा आला. मी कागद त्याच्या नाकासमोर धरला. "इनको रोका तो इसमें आपका नाम लिखूंगी. आगे कुछ हुआ तो जवाब आप देना." त्या कागदावर नाव लिहायला जागाच नव्हती. तो शिव्या घालत बाजूला झाला.

बहीण महिनाभर राहिली, डॉक्टरांकडे घेऊन गेली, गोळ्या सुरू झाल्या. सोसायटीने माझी तक्रार केली आणि मला दुसरी लाइन, म्हणजे दुसऱ्या भागातली घरं, दिली गेली. नव्या लाइनीत मी नऊच्या नऊ प्रश्न विचारायचे, आणि लोकांच्या शिव्या जास्त खायचे.

गेल्या वर्षी ती बाई मला भाजी घेताना भेटली. मी हसले. ती हसली नाही.

"तेव्हा तुझा राग आला होता," ती म्हणाली. "अजून येतो."

मग तिने मेथीची जुडी निवडून घेतली आणि निघून गेली.