डाव्या कानातली शांतता

"आतून काहीच ऐकू येत नव्हतं, म्हणून मी बटाटे सोलत राहिलो," असं आर्ने एकदाच म्हणाला होता. बायको अर्डिस हिला पुरून आल्यावर चर्चच्या तळघरातल्या जेवणात, हातात कॉफीचा पेला धरून. अर्डिसच्या धाकट्या बहिणीला, मार्लिसला, त्याचा अर्थ लागला नव्हता. तिने विचारलाही नाही.

त्याला वर्ष झालं. आता मिनेसोटातल्या त्या गावाच्या नाटकमंडळाला नवे कॉलर माईक हवे होते. जुने ज्या रेडिओलहरींवर चालायचे, त्या सरकारने मोबाइल कंपन्यांना विकून टाकल्या होत्या. रिकाम्या नाट्यगृहात तिघं बसली होती: दिग्दर्शन करणारी मार्लिस, खजिनदार गॉर्डी आणि आयुष्यभर मंडळाचा आवाज सांभाळलेला आर्ने. समोर दोन स्वस्त माईक, एक करडा, एक काळा.

गॉर्डीने दोन्ही लावून हवामानाचा अंदाज म्हणून दाखवला. करड्यातून आवाज धुतल्यासारखा आला, आणि तो थांबला की मागे काही म्हणजे काही उरेना. काळ्यात मात्र सळसळ, शर्टाची घासघास, गॉर्डीचं चोंदलेलं नाक.

"करडा घेऊ," मार्लिस म्हणाली. "काळ्यात गॉर्डीची सर्दी तिकीट न काढता आत येते."

"निदान ती संवाद विसरत नाही," गॉर्डी म्हणाला.

आर्ने हसला नाही. "करडा नको. आवाज हळू झाला की तो दार लावून घेतो. श्वास त्याला कचरा वाटतो."

"आपले निम्मे प्रेक्षक बहिरे. त्यांना श्वास कशाला ऐकवतोस?" गॉर्डी म्हणाला.

"आणि तुला कसं ठाऊक?" मार्लिसने विचारलं. "डबा तर आत्ता उघडला."

"घरी आहे एक," आर्ने म्हणाला.

मार्लिसला तो हिवाळा आठवला. अंथरुणाला खिळलेल्या अर्डिसचा आवाज गेला होता. तिची कुजबुज ऐकू यावी म्हणून तिच्या गाऊनच्या कॉलरला आर्नेने माईक लावला होता आणि स्वतः कानांवर हेडफोन चढवून स्वयंपाकघरात वावरायचा. "शेवटी हिला मोठी भूमिका मिळाली," असं मार्लिसच म्हणाली होती, आणि अर्डिस बिनआवाजाचं हसली होती. तो माईक करडा होता.

पलीकडे श्वास हळू होत गेला असेल. यंत्राने दार लावून घेतलं असेल. आणि इकडे आर्ने, बायकोला गाढ झोप लागली अशा समजुतीने, हलक्या हाताने बटाट्यांची साल काढत राहिला असेल.

"आर्ने, मी..."

त्याने दोन्ही माईक स्वतःच्या कॉलरला लावले, हेडफोन मार्लिसच्या डोक्यावर ठेवले आणि खुर्च्यांमधल्या वाटेने दाराकडे निघाला.

तिच्या उजव्या कानात काळा होता: बूट, कोटाचं अस्तर, म्हातारा श्वास. अर्डिस तालमीला बसायची त्या खुर्चीपाशी तो श्वास अडला, थोडा वेळ तसाच राहिला, मग सुटला. डाव्या कानात करडा होता; तिथे कोणीच चालत नव्हतं.

"काळा घ्यायचा," ती गॉर्डीला म्हणाली.

दार उघडलं. उजव्या कानात वारा शिरला. डाव्या कानातून कोणी बाहेर गेलंच नाही.